अठराशे त्रेसष्ट अर्ज

पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे चौदा मुद्दे येतातच. मुलांना ते पाठ करायचे असतात, आम्हाला ते फळ्यावर लिहायचे असतात. आमची शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळे 'स्वयंनिर्णयाचा हक्क' आम्ही 'हक्के-खुदइरादियत' असा सांगतो. शब्द जड आहे, पण फोड केली की सोपा होतो. खुद म्हणजे स्वतः, इरादा म्हणजे मनातला निश्चय. ज्याने त्याने आपला इरादा आपणच ठरवायचा. एका वर्षी ही फोड करून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग त्या लोकांना कुणी जाऊन विचारलं होतं का, तुमचा इरादा काय आहे म्हणून?"

आम्ही "नाही" म्हणून मोकळे झालो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते उत्तर चुकीचे होते. विचारले होते. १९१९ च्या उन्हाळ्यात खुद्द विल्सन यांनी पाठवलेली माणसे पॅलेस्टाईन आणि सीरियाच्या गावोगाव फिरली होती. त्यांनी लोकांचे अर्ज घेतले, मोजले, त्यांची टक्केवारी काढली. तो अहवाल पुढे तीन वर्षे दडून राहिला. बी.एड.पर्यंतच्या आमच्या अभ्यासात त्याचा एका ओळीचाही उल्लेख आला नाही, हे सांगताना लाज वाटते. पण त्या मुलीला दिलेले उत्तर दुरुस्त करायचे तर ही गोष्ट सविस्तर सांगावी लागेल.

चौदा मुद्दे विल्सन यांनी ८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकन काँग्रेसपुढे मांडले. 'स्वयंनिर्णय' हा शब्द त्या भाषणात नाही. तो त्यांच्या तोंडी महिन्याभराने, ११ फेब्रुवारीच्या भाषणात आला. पण लोकांच्या मनात दोन्ही भाषणे एक झाली आणि चौदा मुद्दे म्हणजेच स्वयंनिर्णय असे समीकरण बसले. आपल्या विषयाशी संबंध आहे तो बाराव्या मुद्द्याचा. त्याचे दोन भाग आहेत. उस्मानी साम्राज्याच्या तुर्की मुलखाचे सार्वभौमत्व सुरक्षित राहील, हा पहिला. तुर्की अमलाखालच्या इतर लोकांना जीविताची हमी आणि आपला विकास आपण साधण्याची निर्वेध संधी मिळेल, हा दुसरा. दार्दानेल्सची सामुद्रधुनी सर्वांच्या जहाजांना खुली राहील, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती. हे दोन भाग वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांची ताटातूट होणार आहे, आणि ती करणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत.

विल्सन यांच्या शब्दांना वजन येण्याचे एक कारण असे की अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, पण तुर्कस्तानविरुद्ध कधीच पुकारले नाही. त्या मुलखावर तिचा दावा नव्हता. इंग्रज आणि फ्रेंच यांचे मात्र १९१६ मध्येच गुप्तपणे वाटप ठरले होते. ते सायक्स-पिको कराराचे कागद रशियातल्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये छापून टाकले आणि साऱ्या जगाला कळले. त्याच नोव्हेंबरात बाल्फोर यांनी ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर देण्याचे पत्र लिहिले होते. त्याआधी मक्केच्या शरीफ हुसैन यांनाही पत्रांतून अरब स्वातंत्र्याची आशा लावलेली होतीच. एकाच जमिनीची तीन साठेखते झाली होती म्हणा ना. अशा वेळी ज्याला त्या जमिनीतले काहीच नको आहे असा एक बलाढ्य माणूस उठून म्हणतो की गुप्त करार संपले, आता लोकांची मर्जी चालेल. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

हिंदुस्थानानेही ठेवला. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने हिंदुस्थानाला स्वयंनिर्णय लागू करावा असा ठराव केला आणि शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि सय्यद हसन इमाम यांची नावे सुचवली. टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनमध्येच होते. त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये विल्सन यांना पत्र लिहिले. सचिवाकडून सभ्य उत्तर आले की, हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य त्या अधिकाऱ्यांकडून हाताळला जाईल. योग्य अधिकारी म्हणजे कोण, ते टिळकांना सांगायला नको होते. पॅरिसला जाण्याचा परवाना त्यांना मिळाला नाही.

विल्सन यांचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांना हा धोका आधीच दिसला होता. त्यांनी डिसेंबर १९१८ मध्ये आपल्या टिपणात लिहून ठेवले की हा शब्द सुरुंगाच्या दारूने भरलेला आहे; आयरिश, हिंदी, इजिप्शियन यांच्यावर त्याचा काय परिणाम होईल? लान्सिंग यांना लोकांच्या हक्काची काळजी नव्हती, घोटाळ्याची होती. पण अंदाज त्यांचाच खरा ठरला. इजिप्तमध्ये साद झगलूल यांना पॅरिसला जायचे होते. इंग्रजांनी मार्च १९१९ मध्ये त्यांना पकडून माल्टाला पाठवले आणि देश पेटला. एप्रिलमध्ये सुटका होऊन ते युरोपात पोचतात न पोचतात तोच अमेरिकेने इजिप्तवरचे ब्रिटिश संरक्षित राज्य मान्य करून टाकले. ही गोष्ट १९ एप्रिलची. सहाच दिवसांपूर्वी अमृतसरला जालियनवाला बाग घडली होती.

ज्या कैरोने चौदा मुद्द्यांवर आशा टांगली होती तिला विल्सन यांनी एका कागदावर वाटेला लावले. मग त्याच माणसाने सीरियात चौकशी मंडळ का पाठवले? आम्हाला वाटते, विल्सन ढोंगी नव्हते. त्यांचे तत्त्व खरे होते, पण ते जिथे मित्रराष्ट्राच्या पक्क्या मालमत्तेला धक्का देत नसे तिथपर्यंतच चालत असे. अमेरिकेत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या आणि गोऱ्या कारकुनांची टेबले वेगळी करण्याची मोकळीक त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. हैतीत १९१५ पासून त्यांचेच सैनिक बसले होते आणि हैतीच्या लोकांचा इरादा कोणी विचारला नव्हता. इजिप्त इंग्रजांच्या पक्क्या ताब्यात होता. सीरियाचे मात्र अजून ठरायचे होते. तेवढ्या फटीतून त्यांचे तत्त्व आत शिरले.

ती फट दोन माणसांनी दाखवली. शरीफ हुसैन यांचे पुत्र अमीर फैसल यांनी ६ फेब्रुवारी १९१९ रोजी पॅरिसमध्ये बड्या राष्ट्रांच्या बैठकीपुढे अरबांची बाजू मांडली, दुभाषा म्हणून लॉरेन्स उभे होते. लोकांची इच्छा जाणून घेण्यासाठी मंडळ पाठवा, अशी मागणी फैसल यांनी केली. आठवड्याभराने बैरूतच्या सीरियन प्रोटेस्टंट कॉलेजचे प्रमुख हॉवर्ड ब्लिस यांनी तीच गोष्ट मागितली. आजची बैरूतची अमेरिकन युनिव्हर्सिटी ती हीच. ब्लिस मिशनरी घराण्यातले. पण सीरियात वाढलेल्या त्या माणसाने अरबांच्या वतीने स्वच्छ सांगितले की, या लोकांना विचारा, ते काय ते सांगतील.

२० मार्च १९१९ रोजी लॉइड जॉर्ज यांच्या पॅरिसमधल्या बिऱ्हाडी बैठक झाली. इंग्रज आणि फ्रेंच सीरियावरून एकमेकांशी कडाडून भांडत होते. कोणी कोणाला काय कबूल केले होते याचे कागद निघत होते. विल्सन यांनी मध्येच सांगितले की अमेरिकेला या दाव्यांशी कर्तव्य नाही, लोकांनी मान्यता दिली तरच राजवट चालेल. तेव्हा साऱ्या मित्रराष्ट्रांचे मिळून मंडळ पाठवू. क्लेमान्सो मान हलवून 'हो' म्हणाले, मात्र चौकशी फक्त सीरियापुरती नको, इंग्रजांच्या वाट्याच्या मुलखातही हवी, अशी मेख मारून. नंतर फ्रान्सने माणसे नेमलीच नाहीत. इंग्रजांनी नेमली आणि मागे घेतली. चार जणांच्या घरात तिघांनी होकार द्यावा आणि बाजाराला एकट्यालाच धाडावे, तसे झाले. विल्सन यांनी आपली माणसे तरीही पाठवली. हा त्यांचा हट्ट आम्हाला त्यांच्या साऱ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो.

माणसे कोण होती? हेन्री चर्चिल किंग हे ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजचे अध्यक्ष, धर्मशास्त्राचे प्राध्यापक. चार्ल्स क्रेन हे शिकागोच्या नळ आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याचे वारस, विल्सन यांच्या निवडणुकीला सढळ हाताने पैसा देणारे आणि जगभर भटकण्याचे शौकीन. या दोघांच्या नावाने मंडळाला किंग-क्रेन कमिशन म्हणतात. सोबत सल्लागार होते. त्यांच्यातले कॅप्टन विल्यम येल हे युद्धाआधी स्टँडर्ड ऑइल कंपनीसाठी याच मुलखात तेलाचा शोध घेत फिरलेले. तेल तेव्हाही कुठेतरी जवळपास होतेच.

१० जून १९१९ रोजी मंडळ याफाच्या बंदरात उतरले. तिथून जेरुसलेम, बेथलेहेम, हेब्रॉन, गाझा, नाब्लुस, नाझरेथ, हैफा. मग दमास्कस, अम्मान, बालबेक, बैरूत, त्रिपोली, होम्स, हमा, हलब. मोटारींतून धुळीच्या वाटा तुडवत सुमारे सहा आठवडे हा प्रवास चालला. प्रत्येक मुक्कामी सकाळपासून शिष्टमंडळे येत. मुफ्ती आणि उलमा येत, निरनिराळ्या चर्चचे पाद्री येत, ज्यू वसाहतींचे प्रतिनिधी येत. बदाऊ टोळ्यांचे शेख, गावांचे मुख्तार, व्यापारी, नगरपालिकांचे सदस्य, सगळे येत. मंडळ प्रश्न विचारी आणि लेखी अर्ज घेई. छत्तीस शहरे-गावे मंडळाने स्वतः पाहिली. १५२० खेड्यांची माणसे येऊन भेटली. १८६३ अर्ज जमा झाले आणि त्यांवर ९१,०७९ सह्या, शिक्के आणि अंगठे होते.

आमच्या पेशाच्या माणसाला या आकड्यांपाशी थोडे थांबावेसे वाटते. १९१९ चा काळ पाहा. चार वर्षे युद्ध, सक्तीची सैन्यभरती, टोळधाड आणि दुष्काळ यांनी तो मुलूख पिळून निघालेला. लेबनॉनमध्ये तर भुकेने गावे ओस पडलेली. अशा लोकांना कोणीतरी येऊन विचारतो की तुम्हाला कोणाचे राज्य हवे, आणि ते बैठका घेतात, मसुदे लिहितात, वाद घालतात, सह्या जमवतात. अरब लोक अजून राज्यकारभाराला तयार नाहीत, त्यांना पालक हवा, असे ज्यांच्याविषयी पॅरिसमध्ये ठरत होते ते हेच लोक.

हे सगळे उत्स्फूर्त होते असेही नाही. दमास्कसमध्ये फैसल यांच्या माणसांनी एकसारख्या मजकुराचे छापील अर्ज वाटले होते. फ्रेंच आणि इंग्रज अधिकारी आपापल्या ताब्यातल्या भागांत दबाव आणत होते. लेबनॉनमधल्या मारोनी ख्रिस्ती समाजाला फ्रान्स हवा होता. ज्यू प्रतिनिधींना बाल्फोर यांच्या आश्वासनाची अंमलबजावणी हवी होती. किंग आणि क्रेन यांनी हे काहीच लपवले नाही. अर्ज एकसारखे आहेत, त्यांमागे प्रचार आहे, सह्यांची संख्या म्हणजे जनगणना नव्हे, हे त्यांनी अहवालातच नोंदवले. आमच्या मते अहवालाची किंमत यामुळे वाढते. स्वतःच्या पुराव्यातली खोट स्वतः दाखवणारे सरकारी कागद फार थोडे असतात.

अर्जांचा कौल काय होता? अखंड सीरिया हवा असे ८०.४ टक्के अर्ज म्हणत होते, आणि अखंड सीरियात पॅलेस्टाईनही आले. संपूर्ण स्वातंत्र्य ७३.५ टक्क्यांना हवे होते. झायोनिस्ट कार्यक्रमाला विरोध ७२.३ टक्क्यांचा. कोणाची मदत घ्यायचीच असेल तर पहिली पसंती अमेरिकेला, असे साठ टक्क्यांहून अधिक अर्जांत होते. दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राला पहिल्या पसंतीचे पंधरा टक्केही मिळाले नाहीत. फ्रान्सच्या बाजूने जे अर्ज आले ते मुख्यतः लेबनॉनमधले.

दमास्कसमध्ये जमलेल्या सीरियन काँग्रेसने २ जुलै १९१९ रोजी आपला ठराव मंडळाच्या हाती दिला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. संपूर्ण स्वातंत्र्य. घटनात्मक, विकेंद्रित राजवट. अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण. राजा फैसल. परकी मदत लागलीच तर अमेरिकेची, तीही तांत्रिक आणि आर्थिक, वीस वर्षांपेक्षा जास्त नाही. अमेरिका तयार नसेल तर याच अटींवर इंग्लंड. फ्रान्सचा कोणताही हक्क मान्य नाही. पॅलेस्टाईन तोडू देणार नाही. आणि मेसोपोटेमिया, म्हणजे इराक, यालाही स्वातंत्र्य मिळाले पाहिजे. गुप्त करारांचा निषेध करताना त्यांनी आधार घेतला तो विल्सन यांच्याच तत्त्वांचा. शाळेतल्या मुलाने गुरुजींचेच वाक्य गुरुजींना परत म्हणून दाखवावे, तसा तो ठराव आहे.

त्या काळी 'मँडेट' हा नवा शब्द निघाला होता. अरबीत आणि उर्दूत त्याला 'इंतिदाब' म्हणतात. पॅरिसमधल्या मुत्सद्द्यांच्या मते मँडेट म्हणजे राज्य नव्हे, विश्वस्तपद. सीरियातल्या माणसांना हा फरक समजत नव्हता, असे इंग्रज अधिकारी हसून सांगत. तो त्यांना चांगलाच समजत होता. म्हणूनच त्यांनी मँडेट हा शब्द टाळून 'मदत' असे लिहिले.

किंग आणि क्रेन पॅलेस्टाईनमध्ये आले तेव्हा झायोनिस्ट चळवळीविषयी त्यांचे मत अनुकूल होते. हे त्यांनीच नोंदवले आहे. तिथे पाहिल्या-ऐकल्यावर ते बदलले. पॅलेस्टाईनमधले ज्यूेतर लोक जवळजवळ नऊ दशांश आहेत, त्यांचा या कार्यक्रमाला ठाम विरोध आहे, तेव्हा अमर्याद स्थलांतर लादणे हे स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचे उल्लंघन होईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांशी ते बोलले त्यांचे मत होते की हा कार्यक्रम शस्त्रबळाशिवाय पार पडणार नाही आणि सुरुवातीलाच निदान पन्नास हजार सैनिक लागतील. अहवालाने तो आकडाही नोंदवला. सर्वांचे मत मात्र एक नव्हते. येल यांनी वेगळे टिपण लिहिले आणि ज्यूंच्या राष्ट्रीय घराच्या बाजूने कौल दिला.

याच जूनमध्ये विल्सन यांच्याकडे पॅरिसला आयरिश-अमेरिकन प्रतिनिधी आले होते. आयर्लंडला स्वयंनिर्णय का नाही, असे त्यांनी विचारले. विल्सन यांनी त्यांच्यापाशी कबुली दिली की ते शब्द मी बोललो तेव्हा रोज नवनवी राष्ट्रे दारात येऊन उभी राहतील याची मला कल्पना नव्हती, आणि कोट्यवधी लोकांच्या आशा माझ्या बोलण्याने जाग्या झाल्या याचा मला किती मनस्ताप होतो ते तुम्हाला कळणार नाही. प्रतिनिधींनीच हे नंतर सेनेटच्या समितीपुढे सांगितले. त्या कोट्यवधींपैकी काही त्या घटकेला याफाच्या आणि जेरुसलेमच्या रांगांत अर्ज घेऊन उभे होते.

विल्सन व्हर्सायच्या तहावर सही करून जूनअखेर अमेरिकेला परत निघाले. मंडळाने २८ ऑगस्ट १९१९ रोजी अहवाल पॅरिसमधल्या अमेरिकन शिष्टमंडळाला दिला. एक प्रत सप्टेंबरअखेर व्हाइट हाउसला पोचली. पण तोवर विल्सन तहाच्या बाजूने देशभर भाषणे देत फिरताना कोलोरॅडोतल्या प्युब्लो गावी कोसळले होते. २ ऑक्टोबरला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. अहवाल त्यांनी वाचल्याचा कोणताही पुरावा नाही. ज्याने विचारायला माणसे धाडली त्यालाच उत्तर पोचले नाही. नोव्हेंबरात सेनेटने तह फेटाळला आणि अमेरिका या साऱ्या प्रकरणातून बाहेर पडली.

तरी विल्सन ठणठणीत असते तर काही वेगळे घडले असते का? आम्हाला तसे वाटत नाही. मंडळ अजून वाटेवर असतानाच, ११ ऑगस्टला, बाल्फोर यांनी एका सरकारी टिपणात मोकळेपणाने लिहिले होते की पॅलेस्टाईनमध्ये तिथल्या रहिवाशांची इच्छा विचारण्याचा उपचारसुद्धा आम्ही करणार नाही, अमेरिकन मंडळ तो करत फिरत असले तरी. बाल्फोर यांचा राग येतो, पण त्यांच्या टिपणात निदान कावा नाही. एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे वाटणी झाली. सीरिया-लेबनॉन फ्रान्सला, पॅलेस्टाईन आणि इराक इंग्लंडला. अर्जांमध्ये सर्वांत जास्त विरोध ज्या फ्रान्सला होता, त्याचे सैन्य २४ जुलै १९२० रोजी मैसलूनच्या खिंडीत उतरले. फैसल यांचे युद्धमंत्री यूसुफ अल-अज्मा हरणार हे ठाऊक असून लढायला गेले आणि तिथेच शहीद झाले. दुसऱ्या दिवशी फ्रेंच दमास्कसमध्ये शिरले.

आता ती ताटातूट. मंडळ सीरियात फिरत होते त्या १९१९ सालीच मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली. लाकडाचे मोठे व्यापारी मियाँ मुहम्मद छोटाणी तिचे अध्यक्ष झाले. १७ मे १९१९ रोजी पॅरिसमध्ये विल्सन, लॉइड जॉर्ज आणि क्लेमान्सो यांच्यापुढे हिंदी मुसलमानांची बाजू मांडायला भारतमंत्री माँटेग्यू यांच्याबरोबर आगाखान, साहिबजादा आफताब अहमद खान आणि अब्दुल्ला यूसुफ अली गेले. यूसुफ अली म्हणजे पुढे कुरआनच्या इंग्रजी भाषांतराने घराघरांत पोचलेले तेच. ते मुंबईच्या अंजुमनच्या शाळेत शिकलेले आणि नंतर विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजचे विल्सन दुसरे, स्कॉटिश मिशनरी. पण नावाचा योग पाहून हसू येते. दोनच दिवसांपूर्वी विल्सन यांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मिर्नाला, म्हणजे इझमिरला, उतरले होते. तिथेही कोणाला विचारलेले नव्हते. तुर्की मुलखाचे तुकडे करू नका, हे या शिष्टमंडळाचे म्हणणे न्यायाचे होते.

मार्च १९२० मध्ये मौलाना मुहम्मद अली लॉइड जॉर्ज यांना लंडनमध्ये भेटले. खिलाफतवाल्यांच्या निवेदनांत बाराव्या मुद्द्याचा हवाला असे, म्हणजे त्याच्या पहिल्या भागाचा. दुसरा भाग, इतर लोकांना आपला विकास आपण साधण्याची संधी, हा अरबांविषयी होता, आणि तो मागे राही. जझीरतुल अरब खलिफाच्या छत्राखाली राहावे, अरबांना हवी तर त्यात स्वायत्तता मिळावी, अशी मागणी होती. अरबांचा इरादा मात्र कोणी विचारला नाही. दमास्कसच्या ठरावात खलिफाच्या छत्राखाली परतण्याविषयी एक शब्द नाही. त्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही संमत होते.

आमच्या बुजुर्गांवर बोट ठेवताना हात थरथरतो. अली बंधूंच्या मागे देश उभा राहिला, हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून तुरुंगात गेले. भायखळ्याच्या खिलाफत हाऊससमोरून जाताना आजही छाती भरून येते. त्यांच्या हातात किंग-क्रेन अहवाल नव्हता, तेव्हा तो लोकांना मिळतच नव्हता. लॉइड जॉर्ज यांनी १९१८ च्या जानेवारीत तुर्कांच्या मायभूमीविषयी दिलेला शब्द मोडला होता, हा त्यांचा आरोपही खराच होता. तरी दमास्कसची वर्तमानपत्रे होती, फैसल यांची भाषणे होती. खलिफाच्या प्रेमात आपण अरब हा एक जिवंत समाज आहे, त्याला स्वतःचे मत आहे, हे विसरलो. तुर्कांच्या वतीने बोलणे समजू शकते. पण अरबांच्या वतीने, अरबांना न विचारता, त्यांच्या मर्जीविरुद्ध बोलणे म्हणजे बाल्फोर यांनी सत्तेच्या जोरावर केले ते आपण भक्तीच्या भरात केले. परिणाम सारखा नाही हे खरे, कारण आपल्या हाती सैन्य नव्हते. १९२४ मध्ये तुर्कांनीच खिलाफत बरखास्त केली तेव्हा आपल्याला बसलेला धक्का याच न विचारण्यातून आला, असे आम्हाला वाटते. तुर्कांनाही आपण विचारले नव्हते.

क्रेन यांची पुढची कहाणी सांगायला हवी, नाहीतर आमचे चित्र फार गोड होईल. ते अरबांचे मित्र राहिले. १९३१ मध्ये जेद्दाला जाऊन इब्न सऊद यांना भेटले आणि आपल्या खर्चाने पाणी आणि खनिजे शोधायला अभियंता पाठवला. त्यातूनच अमेरिकन कंपन्यांना सऊदी तेलाचा रस्ता सापडला. पण उतारवयात ज्यूंविषयीचा त्यांचा द्वेष उघड झाला, हिटलरचेही त्यांना कौतुक वाटू लागले. अहवालाचे विरोधक याकडे बोट दाखवतात. द्वेष निंद्यच आहे, त्याची सफाई देता येत नाही. पण १८६३ अर्ज क्रेन यांनी लिहिलेले नव्हते.

अहवाल २ डिसेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या 'एडिटर अँड पब्लिशर' या वृत्तपत्र व्यवसायाच्या साप्ताहिकात छापून आला. छापखाने आणि जाहिराती यांच्या बातम्या देणारे ते पत्र. लगोलग 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही तो दिला. तोवर राष्ट्रसंघाने २४ जुलै १९२२ रोजी पॅलेस्टाईन आणि सीरियाचे मँडेट कायम केले होते आणि सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसने ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारा ठरावही केला होता.

किंग आपल्या कॉलेजात परतले होते. त्यांच्यामागे त्यांचे कागद ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या दफ्तरात जमा झाले. १९१९ च्या त्या चौकशीची कागदपत्रे तिथे जपून ठेवलेली आहेत, आणि आता संगणकावर घरबसल्या पाहताही येतात. आम्ही ती पुढच्या वर्षीच्या वर्गाला दाखवली. उजवीकडून डावीकडे लिहिलेली अक्षरे, खाली सह्या, शिक्के. अरबी लिपी मुलांच्या ओळखीची. शब्दांचा अर्थ सगळा लागत नव्हता, पण एका मुलाने बोट ठेवून एक शब्द वाचलाच. इस्तिकलाल. उर्दूत तो निश्चयाला म्हणतात, अरबीत स्वातंत्र्याला. जिने प्रश्न विचारला होता ती मुलगी तोवर दहावी होऊन शाळेतून गेली होती.